डॅशबोर्डमधला शॉर्ट कोंडीत पकडताना

संध्याकाळी पार्किंग लाइट लावून जाताना मीटर कन्सोलचा उजेड अचानक जायचा. त्याबरोबर एसीच्या नॉबमागचे दिवे, स्टीरिओची बटणं आणि मागचे टेल लॅम्पही जायचे. फ्यूज बदलला की सगळं जागेवर. दोन दिवस काही नाही. मग एखाद्या खड्ड्यात गाडी दणकली की पुन्हा अंधार. १० अँपिअरचे तीन लाल फ्यूज असे खाऊन झाल्यावर एका सुट्टीच्या दिवशी मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन डॅशबोर्डवर तुटून पडलो. दुपारपर्यंत मागच्या सीटवर प्लास्टिकचा ढीग झाला, खिशात कुठले ते न आठवणारे स्क्रू जमले आणि समोर काळ्या टेपमध्ये गुंडाळलेली वायरिंगची मनगटाएवढी वेणी. शॉर्ट काही दिसेना. दिसणार कसा? मी जळकी तार, वितळलेलं प्लास्टिक असलं काहीतरी शोधत होतो. फ्यूजने आपलं काम चोख केलं होतं, त्यामुळे जळण्याची वेळ आलीच नव्हती.

त्या दिवशी जी अक्कल आली ती अशी, की शॉर्ट आधी डोळ्यांनी शोधायच्या भानगडीत पडू नये. त्याला कोंडीत पकडावं. कुठल्या फ्यूजवर आहे, कुठल्या स्विचच्या पुढे आहे, कुठल्या कपलरच्या (तारा एकमेकींना जोडणाऱ्या प्लास्टिकच्या सॉकेटच्या) पलीकडे आहे, असं विचारत त्याची जागा लहान करत न्यावी. शेवटी हातात वीतभर तार उरते, तेव्हा टॉर्च हातात घ्यावा आणि चष्मा लावावा. आणि यातलं निम्मं काम तर सीटवर बसून, कागद-पेन घेऊन होतं.

तार, पत्रा आणि मधला रस्ता

घरातल्या दिव्याला दोन तारा जातात, एकीने वीज येते आणि दुसरीने परतते. गाडीत परतीच्या तारेचं बरंचसं काम बॉडीचा पत्राच करतो. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल जाड केबलने बॉडीला जोडलेलं असतं. पॉझिटिव्हकडून निघालेला करंट फ्यूज, स्विच, दिवा असा फिरतो आणि दिव्याच्या दुसऱ्या टोकाची आखूड तार जवळच्या पत्र्याला बोल्टने कसली की झालं. गॅरेजमध्ये याला 'बॉडी अर्थ' म्हणतात. तांब्याची बचत होते, वजन वाचतं. पण याची दुसरी बाजू अशी, की पॉझिटिव्ह तार जिथे जाईल तिथे आजूबाजूला निगेटिव्हचाच पसारा असतो. प्रत्येक ब्रॅकेट, प्रत्येक स्क्रू, स्टिअरिंग कॉलम, डॅशबोर्डच्या आतला आडवा लोखंडी बीम, सगळं अर्थ. मध्ये असतो तो तारेवरच्या प्लास्टिकचा मिलिमीटरच्या आतला थर.

तो थर कुठे घासला आणि तांबं पत्र्याला लागलं, की करंटला दिव्यातून जायची गरज उरत नाही. आकड्यांत सांगायचं तर ५ वॉटचा साधा दिवा पेटलेला असताना सुमारे २९ ओहमचा अडथळा असतो आणि १२ व्होल्टला तो जेमतेम ०.४ अँपिअर ओढतो. उघड्या तारेच्या आडवाटेने अडथळा ०.०५ ओहम इतकाच राहिला, तर हिशेबाने २४० अँपिअर वाहायला हवेत. गाडीची बॅटरी स्टार्टर मोटर फिरवायला शेकडो अँपिअर देतेच, तेव्हा हा आकडा नुसता कागदावरचा नाही. इथे फ्यूज मध्ये येतो.

फ्यूज उपकरणाला वाचवतो असा बऱ्याच जणांचा समज असतो. तो वाचवतो तारेला. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे करंट तिप्पट तर उष्णता नऊपट. डॅशबोर्डमध्ये सर्रास दिसणारी ०.५ चौरस मिलिमीटरची तार घ्या. १० अँपिअरला ती दर मीटर लांबीमागे साडेतीन वॉट तापते, ते खपून जातं. आता 'फ्यूज सारखाच उडतोय' म्हणून कोणी तिथे ३० अँपिअरचा हिरवा फ्यूज ठोकला, तर त्याच तारेत दर मीटरला ३१ वॉट उष्णता तयार होऊ शकते. म्हणजे बारीक सोल्डरिंग आयर्न टेपच्या वेणीत गुंडाळून चालू ठेवल्यासारखं. शेजारच्या वीस तारांचं प्लास्टिक वितळतं आणि एका शॉर्टचे दहा होतात. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तारेचा तुकडा घालणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

सगळे 'शॉर्ट' शॉर्ट नसतात

बोलताना आपण विजेच्या कुठल्याही बिघाडाला 'शॉर्ट मारतंय' म्हणून मोकळे होतो. शोधायला बसल्यावर मात्र चार वेगळ्या गोष्टी वेगळ्याच ठेवाव्या लागतात, कारण चौघांची शोधायची रीत वेगळी आहे.

पॉझिटिव्ह तार अर्थला लागली तर फ्यूज उडतो. हा खरा शॉर्ट, आणि खरं तर चौघांत हाच सोपा, कारण तो स्वतःहून पुरावा देतो.

दोन पॉझिटिव्ह तारा एकमेकींना लागल्या तर फ्यूज सहसा उडत नाही. भलतंच काहीतरी चालू होतं. ब्रेक दाबला की मीटर कन्सोल उजळतो, किल्ली काढली तरी ब्लोअर फिरत राहतो. वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात तसा एका सर्किटचा करंट दुसरीकडे निघतो. इथे फ्यूजचा उपयोग उलटा करायचा. ज्या फ्यूजवर ती वस्तू चालायला हवी तो काढून घ्या. तरीही चालत असेल, तर एकेक फ्यूज काढत कुठला काढल्यावर बंद पडते ते बघा. चोर आणि साव दोघंही सापडले, आता त्या दोन तारा एकत्र कुठून जातात एवढंच पाहायचं.

तार तुटली तर काहीच चालत नाही आणि फ्यूज शाबूत असतो. त्याला शॉर्ट म्हणू नये.

आणि चौथा, खराब अर्थ. हा बहुरूपी आहे. इंडिकेटर लावला की शेजारचा टेल लॅम्प त्याच तालावर मंद होतो, हेडलाइट लावले की पेट्रोलचा काटा हलतो. करंटला परतीची नेहमीची वाट मिळत नाही, म्हणून तो दुसऱ्या दिव्यातून उलटा फिरून घर गाठतो. दिसायला अगदी शॉर्टसारखं, पण सगळी वेणी उसवली तरी उघडी तार सापडणार नाही. तपासायचं असं: ते उपकरण चालू ठेवा, मल्टिमीटरची (व्होल्ट, ओहम मोजायच्या यंत्राची) काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल पिन उपकरणाच्या अर्थच्या तारेला लावा. आकडा शून्याच्या आसपास हवा. ०.२ व्होल्टच्या वर गेला तर तो अर्थचा बोल्ट सोडवून, खाली पत्रा चकचकीत दिसेपर्यंत घासून परत आवळा. निम्म्या वेळा गोष्ट इथेच संपते.

सीटवर बसून करायचं काम

आता फ्यूज उडतोच आहे असं धरू. आधी उडालेला फ्यूज फेकू नका, उजेडात धरून बघा. आतली पट्टी मध्येच हळूच तुटलेली, प्लास्टिक स्वच्छ, तर करंट मर्यादेपेक्षा थोडाच जास्त जात होता. वायपरची मोटर जाम होणं, एकाच फ्यूजवर जास्तीची उपकरणं जोडणं असली कारणं निघतात. प्लास्टिक आतून काळं, धातूचे बारीक शिंतोडे उडालेले, तर तार थेट पत्र्याला लागली आहे. फ्यूज कडक मास्तरासारखा नसतो हेही लक्षात ठेवा. १० अँपिअरचा फ्यूज ११ अँपिअर तासन् तास सोसतो, दुपटीला साधारण काही सेकंदांत जातो आणि थेट शॉर्टला पापणी लवायच्या आत. म्हणून 'लावल्या लावल्या उडतो' आणि 'पंधरा मिनिटांनी उडतो' ही दोन वेगळी दुखणी आहेत.

मग वेळ बघा. किल्ली खिशात असताना, सगळं बंद असताना नवा फ्यूज लावला आणि तो ठप्प झाला, तर शॉर्ट त्या तारेवर आहे जिच्यात कायम करंट असतो, म्हणजे स्विचच्या अलीकडे. किल्ली फिरवल्यावर उडाला तर इग्निशनच्या पुढे. दिव्यांची दांडी फिरवल्यावर उडाला तर त्या स्विचच्या पुढे. स्टिअरिंग खालीवर केल्यावर, ब्रेक दाबल्यावर, दार उघडल्यावर उडाला, तर जे हललं त्याच्या आसपास. आणि माझ्यासारखा फक्त खड्ड्यात उडत असेल, तर काहीतरी लोंबतंय आणि डोलताना टेकतंय. एवढ्याशा निरीक्षणाने डॅशबोर्डचा बराचसा भाग संशयातून मोकळा होतो, एकही स्क्रू न काढता.

तिसरी गोष्ट म्हणजे त्या फ्यूजवर आणखी काय काय आहे याची यादी. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर थोडी माहिती असते, खरी यादी वायरिंग डायग्राममध्ये. ही यादी अनेकदा चकित करते. डॅशबोर्डचा उजेड आणि टेल लॅम्प एकाच फ्यूजवर असणं अगदी नेहमीचं. त्यामुळे उजेड गेला समोरचा आणि शॉर्ट निघाला डिकीच्या झाकणाच्या बिजागरीपाशी, किंवा पाणी शिरलेल्या टेल लॅम्पच्या होल्डरमध्ये, असं होतं. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला देऊ नये म्हणून ही यादी. तसंच बऱ्याच गाड्यांत चार्जिंगचं १२ व्होल्ट सॉकेट आणि बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर जोडायचं डायग्नोस्टिक सॉकेट एकाच फ्यूजवर असतात. सॉकेटमध्ये नाणं किंवा पिन पडते, फ्यूज जातो, आणि मेकॅनिक म्हणतो की गाडी स्कॅनरशी बोलतच नाही, कॉम्प्युटर गेला असेल. आधी त्या चार्जिंगच्या सॉकेटमध्ये टॉर्चचा झोत मारून बघा.

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी विचारला जाणारा: हे सुरू व्हायच्या आधी गाडीत काय काम झालं होतं? कॅमेरा लावला? सीट कव्हर घालताना सीटखालच्या तारा हलल्या? काच बदलली? कंपनीने घातलेली वायरिंग क्लिपांत बसवलेली असते, तिच्या वाटेत धारदार कडा येणार नाही याची काळजी घेतलेली असते. नंतर माणसाचा हात लागला की ती शिस्त बिघडते. माझ्या गाडीत दोन महिन्यांपूर्वी नवा स्टीरिओ बसला होता. बसवणारा मीच. तरी माझ्या डोक्यात तो आला नाही, कारण स्टीरिओ उत्तम वाजत होता.

फ्यूजच्या जागी दिवा

आता हत्यार. इंडिकेटरचा २१ वॉटचा जुन्या पद्धतीचा, फिलामेंटचा दिवा घ्या, होल्डरला दोन तारा जोडा आणि त्या तारांच्या टोकांना फ्यूजच्या पायांसारख्या चपट्या पिना लावा. एलईडी चालणार नाही. हा दिवा फ्यूजच्या रिकाम्या जागेत लावायचा. थेट शॉर्ट असेल तर दिवा पूर्ण पेटतो, कारण करंट दिव्यातून आणि मग सरळ पत्र्यात जातो. पण दिवाच मध्ये असल्यामुळे करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊच शकत नाही. तार तापत नाही, फ्यूज खर्ची पडत नाही आणि शॉर्ट जिवंत अवस्थेत तुमच्यासमोर तासभरही थांबून राहतो. ही युक्ती मला कुठल्याही महागड्या उपकरणापेक्षा जास्त आवडते.

यात एक मेख आहे आणि तिच्यात भलेभले फसतात. थंड फिलामेंटचा अडथळा पेटलेल्या फिलामेंटच्या दहाव्या हिश्श्याइतका किंवा त्याहूनही कमी असतो. तो २१ वॉटचा दिवा पेटल्यावर जवळपास ७ ओहम, पण थंड असताना अर्धा-पाऊण ओहम. सर्किटमध्ये पार्किंग आणि टेल लॅम्पचे पाच-सहा दिवे एकमेकांना समांतर जोडलेले असतील, तर थंड असताना तेही सगळे मिळून अर्ध्या ओहमच्या आसपास. म्हणजे शॉर्ट नसतानाही आपला दिवा बऱ्यापैकी पेटणार. मल्टिमीटरचा बझर लावला तर तोही 'टीं' करून वाजणार, कारण अडथळा ठरावीक ओहमांच्या खाली आला की तो वाजतो, मग मध्ये दिवा असो वा शॉर्ट. मी त्या सुट्टीच्या दिवशी या बझरवर विसंबून धडधाकट तार शॉर्ट ठरवली होती आणि तासभर तिच्या मागे होतो. म्हणून आधी त्या फ्यूजवरचे सगळे दिवे होल्डरमधून काढा, जे उपकरण कपलरने जोडलेलं आहे त्याचं कपलर सोडवा. भार शून्य. त्यानंतरही फ्यूजच्या जागचा दिवा लख्ख पेटला तर दोष तारेत किंवा स्विचमध्ये. एखादं उपकरण सोडवताक्षणी दिवा विझला तर दोष त्या उपकरणात, तार निर्दोष.

आता कोंडी आवळायची. दिवा पेटलेला ठेवायचा आणि वायरिंगच्या वाटेवरचं मधलं कपलर सोडवायचं. विझला तर शॉर्ट त्या कपलरच्या पुढे, पेटलेलाच राहिला तर अलीकडे. जो अर्धा भाग सुटला तो विसरायचा, उरलेल्याच्या मधलं कपलर पुन्हा सोडवायचं. एका फ्यूजवर आठ फाटे असले तरी तीन प्रश्नांत एक उरतो. एका टोकापासून ओळीने सोडवत गेलात तर आठव्या फाट्याला दुपार होते, आणि नशीब तसं असेल तर तोच शेवटचा असतो.

येणारा-जाणारा शॉर्ट असेल तर दिवा आधी विझलेलाच असतो. मग तो आरशात दिसेल असा ठेवा आणि वायरिंग हळूहळू हलवत जा. ओढायचं नाही, एका वेळी हातभर भाग धरून नुसता मुरडायचा. स्टिअरिंग वरखाली करा, ग्लोव्ह बॉक्स उघडझाप करा, डॅशबोर्डवर मुठीने थोपटा. माझा दिवा स्टीरिओच्या बाजूला थोपटल्यावर डोळा मारल्यासारखा लुकलुकला. सकाळपासून जे सापडत नव्हतं ते पाच मिनिटांत.

कपलरच नसलेल्या लांब तारेसाठी एक जुनी गंमत आहे. १८२० मध्ये हान्स क्रिस्टियन ओर्स्टेडने पाहिलं, की तारेतून करंट गेला की शेजारचं होकायंत्र हलतं. आपल्या दिव्यातून जाणारे पावणेदोन अँपिअर तारेपासून सेंटिमीटरभर अंतरावर जे चुंबकीय क्षेत्र तयार करतात, ते पृथ्वीच्या क्षेत्राच्या तोडीचं असतं. म्हणून दिव्याच्या तारेत एक चालू-बंद बटण घालायचं, ते लयीत दाबत राहायचं आणि साधं होकायंत्र वायरिंगवरून सरकवत न्यायचं. सुई प्रत्येक दाबाला थरकते. जिथे थरकायची थांबते तिथे करंट पत्र्यात उतरला. बाजारात मिळणारी शॉर्ट शोधायची यंत्रं याच तत्त्वावर चालतात, फक्त सुईऐवजी आवाज देतात. स्पीकरच्या चुंबकाजवळ आणि जाड लोखंडी ब्रॅकेटजवळ मात्र सुईवर भरवसा ठेवू नका.

हात लावायच्या आधी

पिवळ्या स्लीव्हमधल्या किंवा पिवळ्या कपलरच्या तारा एअरबॅगच्या. त्यांना दिवा लावायचा नाही, मल्टिमीटरने ओहमही मोजायचे नाहीत, कारण एअरबॅग फोडायला लागणारा करंट अगदी थोडा असतो. स्टिअरिंग किंवा डॅशबोर्डचा वरचा भाग खोलायचा असेल तर बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी काढा आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा. एअरबॅगच्या युनिटमधल्या कपॅसिटरमध्ये काही काळ चार्ज शिल्लक असतो. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी केबल दिसली तर तिथून मागे फिरा, ते काम वेगळ्या प्रशिक्षणाचं आहे.

नव्या गाड्यांत आणखी एक घोळ. पुष्कळ दिवे आता फ्यूजऐवजी बॉडी कंट्रोल मॉड्यूलमधले (दिव्यांसारखी कामं बघणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरमधले) इलेक्ट्रॉनिक स्विच सांभाळतात. शॉर्ट झाला की ते स्वतःच करंट तोडतात आणि कोड नोंदवून ठेवतात. फ्यूज शाबूत, दिवा बंद. अशा वेळी स्कॅनरच आधी लावावा. सेन्सरच्या ५ व्होल्टच्या तारांना फिलामेंटचा दिवा कधीही लावू नका, त्या तारेला एवढा करंट पुरवायची सवय नसते. तिथे फक्त मल्टिमीटर.

आणि एकदम सगळेच काटे खाली पडले, मीटर कन्सोलवर झाडून सगळे इशारे पेटले, गाडी चालू असून कन्सोलला पत्ता नाही, असं झालं तर संशय कॅनच्या दोन तारांवर घ्या. १९८६ मध्ये बॉशने मांडलेली ही पद्धत. एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारांवरून गाडीतले मॉड्यूल आपसात बोलतात. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक असतात, म्हणून बॅटरी सोडवून या दोन तारांमध्ये मोजलं तर समांतर जोडणीमुळे ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलं, शून्याच्या जवळ आले तर दोन तारा एकमेकींना टेकल्या. ६० आले पण बोलणं बंद, तर यातली एक तार अर्थला किंवा पॉझिटिव्हला लागली आहे का ते वेगळं बघावं लागतं. पद्धत पुन्हा तीच, एकेक मॉड्यूल सोडवत आकडा कधी जागेवर येतो ते पाहायचं. फक्त ज्या मॉड्यूलमध्ये टोकाचा रोधक आहे ते सोडवलं की १२० दिसणारच, त्याने दचकू नका.

तार सापडते कुठे

डॅशबोर्डमागे काही जागा वारंवार गुन्हेगार निघतात. स्टिअरिंग कॉलमजवळचा जुडगा, कारण तो रोज वाकतो. पेडलच्या वरचा ब्रॅकेट. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून वायरिंग जिथे आत येते तिथलं रबरी बूच निसटलं असेल तर पत्र्याची धार. दाराच्या बिजागरीपाशी वर्षानुवर्षं वाकून तडकलेल्या तारा. ग्लोव्ह बॉक्सच्या दिव्याची तार. ट्रिमचा (आतल्या प्लास्टिकच्या आवरणाचा) मूळ स्क्रू हरवला म्हणून लावलेला लांब स्क्रू, जो आतल्या वेणीत घुसतो. उंदीर, त्यांच्याविषयी काय सांगायचं. आणि पाणी: काचेच्या कडेतून किंवा एसीच्या तुंबलेल्या नळीतून गळालेलं पाणी फ्यूज बॉक्सवर पडलं की पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर धरतो. तो फ्यूज उडवेलच असं नाही. तो थोडा थोडा करंट झिरपू देतो आणि आठवड्याने बॅटरी उतरलेली सापडते. अशा गळतीसाठी फ्यूज उपसत बसू नये, उपसला की झोपलेली मॉड्यूल जागी होतात. गाडी अर्धा-पाऊण तास बंद ठेवून मग प्रत्येक फ्यूजच्या माथ्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर मिलिव्होल्ट मोजावेत. जिथे आकडा दिसेल तिथून करंट चाललाय.

माझी तार यातल्या कुठल्याच जागी नव्हती. जुन्या स्टीरिओला पार्किंग लाइटबरोबर उजळण्यासाठी एक तार जात होती. नव्याला ती लागत नव्हती, म्हणून मी ती कापून टोकाला साधी इन्सुलेशन टेप गुंडाळली होती. बंद गाडी उन्हात तापली, टेपचा गोंद पातळ झाला आणि टेप मोज्यासारखी सरकली. स्टीरिओ बाहेर काढल्यावर टेप तिथेच दिसली, तारेच्या टोकापासून बोटभर मागे सरकलेली, चिकट आणि धुळीने काळी. पुढे पाच मिलिमीटर उघडं तांबं. शेजारच्या ब्रॅकेटवर, जिथे ते टेकत होतं, तिथे मोहरीएवढे तीन काळे ठिपके होते. तीन फ्यूज, तीन ठिपके.

दुरुस्ती दहा मिनिटांची. उघडं टोक कापून टाकलं, त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवून हॉट एअर गनने आवळली, गरम असतानाच पक्कडीने टोक चेपून बंद केलं आणि तार मागे दुमडून मुख्य जुडग्याला कापडी टेपने बांधली. मध्येच तुटलेली तार जोडायची असती तर तेवढ्याच जाडीचा तुकडा, क्रिंप (तारेवर दाबून बसवायची धातूची नळी) किंवा सोल्डर, आणि वरून तीच नळी. दोन-तीन तारा जोडायच्या असतील तर सांधे एकाखाली एक न ठेवता पुढेमागे ठेवावेत, म्हणजे जुडग्याला गाठ येत नाही आणि उद्या नळी फाटली तरी सांधे एकमेकांना भिडत नाहीत.

सगळे दिवे होल्डरमध्ये परत घालायच्या आधी फ्यूजच्या जागी तो २१ वॉटचा दिवा पुन्हा लावला, पार्किंग लाइट चालू केले आणि डॅशबोर्डवर चांगल्या दहा-बारा मुठी हाणल्या. दिवा ढिम्म. मग चौथा लाल फ्यूज लावला. स्टीरिओ परत बसवताना ब्रॅकेटची ती कड कानशीने घासून घेतली.